सशाच्या वासाची बाटली

"आज सहा ससे! लिहून ठेव!" वेंडेलने दारातूनच बायकोला बजावलं.

"सहा वर्षांत एक तरी मारलास का?" कॉफी ओतता ओतता अर्लीन म्हणाली.

"तेव्हा माझ्याकडे हे कुठे होतं?" त्याने पँटच्या मागच्या खिशातून एक बाटली काढली. सशांना भुलवणारा वास! झुडपावर चार थेंब टाकले की अख्ख्या केंटकीतले ससे पंगतीला बसल्यासारखे जमतील, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं.

खरं म्हणजे वेंडेलचा जीव सशांत नव्हता, पिल्लात होता. सासरे ऑर्वल यांच्या मेबल या सशांचा माग काढणाऱ्या बीगल कुत्रीच्या पिल्लांपैकी आता एकच उरलं होतं आणि ते वेंडेलला काहीही करून हवं होतं. पण म्हातारा खमक्या! "ज्याला ससा मारता येत नाही, त्याच्या घरी माझं पिल्लू काय टीव्ही बघत बसणार?" असं चर्चच्या पायरीवर चारचौघांदेखत म्हणाला होता.

रानाशी सासऱ्यांबरोबर पिकअपमधून उतरताना वेंडेलला बूड ओलं लागलं. त्याने चाचपलं, तर बाटली फुटलेली! सांगावं का? छे, म्हातारा आठवडाभर गावाला हसवेल. त्याने कोट खाली ओढून डाग झाकला.

"नीट ऐक," ऑर्वल म्हणाले. "कुत्री मागे लागली की ससा गोल फिरून निघाला तिथेच परत येतो. म्हणून मी या ओंडक्यावरून हलणार नाही. झाडी हलली, की मी तयार! तू तिकडे काटेरी झुडपांमागे थांब."

"हो, बाबा." वेंडेल झुडपांकडे निघाला.

मेबल आणि तिच्या जोडीची दोन, अशी तिन्ही कुत्री सुटली. त्यांनी जमीन हुंगली, हवा हुंगली आणि सगळ्यांनी मिळून वेंडेलकडे पाहिलं. मग जो गळा काढला!

"लागला माग! शाब्बास माझी पोरं!" ओंडक्यावरून ऑर्वल ओरडले.

वेंडेलने बंदूक टाकली आणि धूम ठोकली. उतार, ओढा, तारेचं कुंपण! झाडीत माणूस ओळखू यावा म्हणून घातलेली नारिंगी टोपी काट्यांत अडकून राहिली. "अगं मेबल, मी आहे गं, घरातलाच!" तो विनवत होता. मेबलला नातीगोती सुचत नव्हती. कुत्री डावीकडून आली की तो उजवीकडे वळे, पुन्हा आली की पुन्हा उजवीकडे. छातीचा भाता झाला होता.

समोरची झाडी बाजूला करणार, तोच त्याला फटीतून ओंडका दिसला. तोच ओंडका! त्यावर ऑर्वल, एक डोळा मिटलेला, बंदूक थेट त्याच्यावर रोखलेली. आपण गोल फिरून आलो!

"मारू नका! जावई आहे! तुमचाच जावई!"

नळी खाली आली, पण फारच सावकाश. तेवढ्यात तिन्ही कुत्र्यांनी त्याला गाठलं आणि मागचा खिसा पँटसकट फाडून नेला.

ऑर्वलनी ती चिंधी उचलून हुंगली. वेंडेलने हात जोडायचेच बाकी ठेवून सगळं कबूल केलं. त्याला रडू येत होतं. "पिल्लाचं मी विसरतो, बाबा."

"विसरच. पिल्लू तुला मिळणार नाही." म्हाताऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू पिल्लाला मिळालास. त्याला शिकवायला ससा हवाच होता. शनिवारी ये, आणि जुनी पँट घाल."