उणिवांचा रकाना

भालचंद्र खांबेटे हे एक भित्रे गृहस्थ होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते अंडर सेक्रेटरी होते, म्हणजे तसे साहेबच. पण टेबलावरचा फोन वाजला की ते आधी उठून उभे राहायचे. लिफ्टमन हसला नाही की दिवसभर वाटायचं, आपली बदली ठरली आणि ह्याला आधीच कळलं. एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. देश खुला होऊन आठ वर्षं झाली होती, त्यांच्या बरोबरीचे दोघे राजीनामा देऊन नोएडाच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत गेले होते. खांबेट्यांना राजीनामा ह्या शब्दानंच घाम फुटायचा.

त्या शुक्रवारी मात्र आर. के. पुरमच्या क्वार्टरचा जिना ते अगदी निर्धास्त चढत होते. डेप्युटी सेक्रेटरी म्हणून बढती मिळावी यासाठीचा त्यांचा गोपनीय अहवाल सकाळीच वर गेला होता. ह्या अहवालात आधी माणसानं स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं असतं, मग वरचे लोक त्यावर शेरा मारतात. खांबेट्यांनी पंधरा दिवस खपून स्वतःबद्दल लिहिलं, अकरा वेळा तपासलं, आणि कुणाचा चहा सांडू नये म्हणून फाइल दिवाणाच्या गादीखाली ठेवली. सकाळी ती काढली, आतला फॉर्म तसाच लिफाफ्यात घातला आणि लाख लावून सील केला. अकरा वेळा तपासलेलं बाराव्यांदा कशाला उघडायचं?

जिन्यात त्यांचे बूट वाजले आणि घरातलं बोलणं थांबलं. ते रोजच थांबायचं. आज आत गेल्यावर मात्र वृंदाबाई हातात पाण्याचा पेला घेऊन समोरच उभ्या होत्या, आणि कृतिका, म्हणजे त्यांची अकरावीतली लेक, दिवाणावर रडवेली बसली होती.

"अहो, आधी पाणी प्या," वृंदाबाई म्हणाल्या.

"काय झालं? कुणाचा फोन आला?"

"प्या तर आधी."

ते प्यायले. मग वृंदाबाईंनी पदराआडून एक खाकी फाइल काढून पुढे धरली. खांबेट्यांनी उघडली. आत त्यांच्याच अक्षरात, अकरा वेळा तपासलेलं, त्यांचं स्वतःचं मूल्यमापन होतं.

"हे इथे आहे," खांबेटे हळूच म्हणाले, "मग तिथे काय गेलं?"

"माझा व्हिलन," कृतिका म्हणाली.

त्याचं असं झालं होतं. खांबेटे ऑफिसातून जुने, न भरलेले फॉर्म घरी आणायचे, पाठकोरे कागद वाया जाऊ नयेत म्हणून. आणि कृतिका दर रविवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून जायची, ती प्रत्यक्षात एक खेळ खेळायला. खेळातल्या एका मित्राच्या, नोएडाच्या इंद्रजितच्या, मामानं अमेरिकेहून एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि वीस-वीस बाजूंचे फासे पाठवले होते. पाच जण योद्धे, चेटकीण वगैरे व्हायचे. कृतिका गोष्ट रचायची, राक्षस सोडायची, आणि सगळ्यांच्या वरचा मुख्य खलनायक तिनंच घडवायचा होता. त्यासाठी तिला गोपनीय अहवालाचा फॉर्म फार आवडला. नाव, हुद्दा, बुद्धिमत्ता, निर्णयक्षमता, हाताखालच्यांशी संबंध, उणिवा. सगळे रकाने आयते. मग बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं तो बाबांच्याच खाकी फाइलींपैकी एकीत घातला आणि घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी लपवला. दिवाणाच्या गादीखाली.

खांबेट्यांनी फाइल मिटली. ते खुर्चीत बसले. "नाव कुणाचं घातलंयस?"

"अंधकेतू."

"हुद्दा?"

"सात किल्ल्यांचा अधिपती."

"रुजू झाल्याची तारीख?"

"एक हजार वर्षांपूर्वी," कृतिका म्हणाली आणि तिला हुंदका आला.

"अहो, पण मराठीत लिहिलंय तिनं," वृंदाबाईंनी धीर दिला. "खेळातल्या बाकीच्यांना मराठी येत नाही, त्यांनी चोरून वाचू नये म्हणून. शेरा मारणाऱ्या तुमच्या त्या विजयालक्ष्मी मॅडम तमिळ ना? त्यांना काय कळणार!"

"दहावीपर्यंत नागपूरला शिकल्या आहेत त्या!" खांबेटे ओरडले. "फाइलवर इंग्रजीत लिहितात, कौतुक हिंदीत करतात आणि झापतात मराठीत. मी त्यांच्या तोंडून आजवर फक्त मराठीच ऐकलंय!"

त्यांनी मॅडमच्या पीएला फोन लावला. पीए दिनकर पाठक, अत्यंत शांत माणूस.

"लिफ़ाफ़ा? वो तो मैडम घर ले गईं, साहब. बोलीं, वीकएंड में आराम से पढ़ेंगी."

"आराम से?"

"बिल्कुल आराम से."

शनिवार गेला तो कसा गेला ते खांबेट्यांनाच ठाऊक. दुपारी त्यांनी कृतिकेला समोर बसवलं. माणसाला फाशी कशासाठी होतेय एवढं तरी कळायला हवं. "हाताखालच्यांशी संबंध, ह्यात काय लिहिलंस?"

"सगळे त्याला घाबरतात."

"अरे देवा. मॅडमना वाटणार, हे मी त्यांच्यावरच लिहिलंय! आणखी काय लिहिलंस?"

"बाबा, प्लीज, ते नका ना विचारू." आणि ती एकदम खाली बघायला लागली. मग विषय बदलावा म्हणून म्हणाली, "तसाही तो नीट जमला नव्हता. व्हिलन बॅलन्स्ड लागतो. फार वीक केला तर मजा नाही, आणि फार स्ट्राँग केला तर सगळे पहिल्याच दिवशी मरतात. माझा हरतच नाही, यार... म्हणजे, बाबा. तीन संडे झाले. इंद्रजित तर दोनदा मेला. ह्याचा वीकपॉइंटच मला सापडत नाही. तो रकाना रिकामाच आहे."

"रकाना रिकामा ठेवलास?" खांबेटे कळवळले. एवढ्या संकटातही अपुरा फॉर्म वर गेल्याचं त्यांना वेगळं दुःख झालं.

सोमवारी साडेदहाला बोलावणं आलं. खांबेट्यांनी दारावर टकटक केली, ती इतकी हळू की तिसऱ्यांदा ऐकू गेली. विजयालक्ष्मी मॅडमच्या समोर तो फॉर्म पसरलेला होता.

"बसा, खांबेटे," त्या मराठीत म्हणाल्या.

बसा? सात वर्षांत त्यांना कुणी ह्या खोलीत बसा म्हटलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"'जिन्यात ह्याची पावलं वाजली की आतले सगळे गप्प होतात,'" मॅडम वाचू लागल्या. "हे माझ्यावर लिहिलंय?"

"नाही मॅडम! शपथ घेतो! मॅडम, त्याचं असं झालं, की माझी मुलगी..."

"मीही तेच म्हणते. मी लिफ्टनं येते." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "'हा चष्मा कपाळावर चढवतो, तेव्हा समोरच्याची शक्ती निम्मी होते.' मी चष्मा लावत नाही."

खांबेट्यांनी घाम पुसायला हात वर नेला. हाताला चष्मा लागला. तो कपाळावर होता.

मॅडम थांबल्या नाहीत. "'दिवे मालवणं ही ह्याची विद्या. कुठल्याही दालनात शिरतो आणि विचारतो, इथे कोण बसलंय, दिवा कशाला? मग अंधार. ह्याचं सगळ्यात भयंकर अस्त्र म्हणजे मौन. शत्रूच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवतो आणि काहीच बोलत नाही. ह्या वारातून आजवर कोणी वाचलेलं नाही.'"

खांबेट्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. गेल्या महिन्यात कृतिकेच्या गणिताच्या चौपन्न मार्कांवर त्यांनी बोट ठेवलं होतं. काही बोलले नव्हते, कारण काय बोलावं हे त्यांना सुचलंच नव्हतं. पोरगी कॉलनीत, शाळेत मान वर करून बोलत नाही, हिचं पुढे कसं होणार, ह्या भीतीनं त्यांची वाचाच बसली होती. आणि तिकडे पाच जण मरून पडले होते!

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "मी... मी तर कुणालाच कधी..."

"ते मला माहीत आहे. ऑफिसात तुम्हाला शिपाईसुद्धा घाबरत नाही." मॅडमनी फॉर्मची घडी घातली. "तुमचा खरा फॉर्म दुपारपर्यंत पाठवा. आणि हा घरी न्या. उणिवांचा रकाना रिकामा आहे. अपुरा फॉर्म मी स्वीकारत नाही."

संध्याकाळी जिना चढताना खांबेट्यांनी नीट कान दिला. पहिल्या पायरीला आत हसण्याचा आवाज होता. चौथीला तो बंद झाला. हे रोज होत असणार, आणि आपण समजत होतो की घर शांत आहे! त्यांना इतकं वाईट वाटलं, की जिन्यात क्षणभर उभेच राहिले.

आत जाऊन त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नसे, तरी कागद नाकाशी धरून त्यांनी पेन उघडलं आणि तासभर लिहिलं. मग फॉर्म कृतिकेपुढे ठेवला. तिनं आधी कागद पाहिला, मग बाबांकडे पाहिलं, मग वाचायला लागली.

"'सदर अधिकारी पुढील गोष्टींस घाबरतो. एक, फोनची घंटी. दोन, पीएचे खोकणे. तीन, लिफ्टमनचा चेहरा. चार, पाल. पाच, नोएडाला गेलेल्या मित्रांचे फोन. सहा...' बाबा, हे सतरा आहेत!"

"मागे पुरवणी जोडलीय," खांबेटे म्हणाले.

कृतिकेनं पुरवणी उलटून पाहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण खेळ रचणारी मुलगी ती, नाक पुसून म्हणाली, "बाबा, हे नाही चालणार. आता तो फारच वीक झाला. ह्याला तर इंद्रजित पहिल्या फाशातच मारेल."

"मग किती ठेवू?"

"एकच. पण सॉलिड हवा." तिनं पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेली. घंटी गेली, पाल गेली, लिफ्टमन गेला. शेवटी सतराव्या ओळीशी ती थांबली. तिथे लिहिलं होतं: 'जिन्यात आपली पावलं वाजली आणि आतलं बोलणं थांबलं, की ह्याला फार भीती वाटते. आपल्याला आत कुणी घेणार नाही, अशी.'

ती ओळ तिनं खोडली नाही.

पुढच्या रविवारी खेळ खांबेट्यांच्या घरी ठरला. समोसे आणायला खांबेटे स्वतः गेले. परत आले तेव्हा खालपर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता. अंधकेतूला बहुतेक घेरलं होतं. खांबेटे चार पायऱ्या चढले. आवाज थांबला नाही. आठ चढले, तरी नाही. ते दाराशी पोचले, क्षणभर विचार केला, आणि हळूच पुन्हा खाली उतरले. मग बूट दणदण आपटत, खोकत, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे पुन्हा वर चढले.

तरी आत कुणीसुद्धा थांबलं नाही.