जावयाने घुमघुम घालवली

अंबडच्या कारखान्यात ज्ञानेश क्वालिटी तपासायचा. केसाएवढा फरक दिसला की माल परत! अशा माणसाने घरी डॅक आणला, म्हणजे मोबाइलमधलं गाणं नीट उलगडून स्पीकरला देणारी काडेपेटीएवढी डबी, तेव्हाच खरं तर त्याच्या बायकोने माहेरी निघून जायला हवं होतं. पण छायाचं माहेरच त्या रविवारी तिच्याकडे येणार होतं.

सायखेड्याहून तिचे वडील जयरामनाना येणार होते. त्यांच्या भजनी मंडळाचं देवळात रेकॉर्डिंग झालं होतं आणि ज्ञानेशने ते फोनवर मागवून घेतलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नानांनी जावयाच्या एकाही वस्तूला चांगलं म्हटलं नव्हतं. गाडी बघून म्हणाले, "बारकी हाय." घर बघून म्हणाले, "ऊन लय येतं."

"या वेळी नाना स्वतःच्या तोंडाने म्हणतील, वा जावईबापू!" ज्ञानेशने छायाला बजावलं.

शनिवारी सकाळी त्याने भजन लावून पाहिलं. टाळ खणखणीत, मृदंग थेट छातीत. आणि मागे एक बारीक घुमघुम. हूंऽऽऽ.

"अर्थिंग खराब आहे," सातपूरचा इलेक्ट्रिशियन दत्तू फोनवरच म्हणाला. न बघता निदान करण्यात त्याचा हातखंडा होता. "वेगळा खड्डा घे. तांब्याची पट्टी पूर, कोळसा टाक, मीठ टाक, पाणी ओत."

घरामागे मोकळी माती एकाच ठिकाणी होती. छायाच्या मेथीच्या वाफ्यात. ज्ञानेशने तिथे दहा किलो खडेमीठ ओतलं.

"अहो, मेथी मरेल!"

"नानांसाठी चाललंय, छाया."

"मेथीपण नानांसाठीच लावली होती!"

मेथी गेली, घुमघुम राहिली. मग त्याने फ्रिज बंद केला. पंखे बंद केले. पाण्याची मोटर बंद केली. शेजारच्या नवसाबाईंना हात जोडून मिक्सर बंद करायला लावला. त्यांनी चटणी पाट्यावर वाटली, पण अशी वाटली की ज्ञानेशला नीट ऐकू जावी. तरी हूंऽऽऽ!

"दुसरं एखादं गाणं लावून बघा ना," छाया म्हणाली.

"ऐकवायचंय हेच, तर तपासायचंही हेच," क्वालिटीवाला म्हणाला.

संध्याकाळी त्याने मोबाइलमधला फिल्टर उघडला आणि लोखंडात खाच पाडावी तसा नेमका तेवढाच आवाज कापून काढला. घुमघुम गेली! आनंदाने त्याला जेवण जाईना.

रविवारी नाना आले, पाणी प्याले आणि स्पीकरसमोर मांडी घालून बसले. भजन सुरू झालं. एक अभंग झाला, दुसरा झाला. नानांचा चेहरा उतरत चालला.

"कसं वाटतंय, मामा?" ज्ञानेशने धीर करून विचारलं.

"समदे हायेत," नाना म्हणाले. "यादवचा गळा हाय. चिमाजीचा टाळ हाय. पण मी कुठं हाय?"

"तुम्ही गाता?"

"गात नाय. मागं सूर धरून बसतो. बावीस वर्षं माझं तेच काम हाय." नानांनी डोळे मिटले आणि सूर धरून दाखवला. "हूंऽऽऽ."



"मला वाटायचं, तुम्ही टाळ वाजवता," छाया हळूच म्हणाली.

ज्ञानेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्याने फिल्टर काढला आणि भजन पहिल्यापासून लावलं. घुमघुम परत आली. नाना पाऊण तास जागचे हलले नाहीत. मग उपरण्याने डोळे पुसत त्यांनी ज्ञानेशच्या पाठीवर हात ठेवला.

"वा, जावईबापू! लय भारी मशीन आणलं."

नऊ वर्षांनी! ज्ञानेश वाकून पाया पडला.

"फक्त एक करा," नाना म्हणाले. "हे बाकीचे मधी मधी लय गलका करतात. त्यांना काढता येईल का?"