व्हॅलेटाच्या धक्क्यावरची रांग

रांगेच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला येऊ नये! चौतीस वर्षं इंग्लंडमधल्या बोल्टनच्या पोस्टात काउंटरमागे काढली आहेत मी. दोरी अशी नागमोडी फिरवायचो की ऐंशी माणसं एका खोलीत मावायची आणि कुणाचं कोपर कुणाला लागायचं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं, पण मी हट्टाने मागून घेतली ती दोरी. आता ती आमच्या गॅरेजात टांगलेली असते. ग्लेनिस तिच्यावर कपडे वाळत घालते, ती गोष्ट वेगळी.

ग्लेनिस म्हणजे माझी बायको. यंदाच्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून आम्ही सहल ठरवली. तीन दिवस माल्टा बेटावर हॉटेलात लोळायचं आणि चौथ्या दिवशी, म्हणजे नेमक्या लग्नाच्या वाढदिवसाला, तिथूनच बोटीत बसून सात दिवस समुद्रात भटकायचं. ग्लेनिसला बेटाचं काही नव्हतं आणि समुद्राचंही फारसं नव्हतं. तिला हवं होतं एक टेबल.

झालं असं होतं की अकरा वर्षांपूर्वी तिने त्या बोटीच्या जेवणघराचा फोटो एका जाहिरातीत पाहिला. अगदी मागच्या बाजूला, काचेला लागून दोघांपुरतं टेबल, आणि काचेबाहेर हळूहळू लांब जाणारं बंदर. तो फोटो तिने कापून फ्रिजवर लावला. अकरा वर्षं फ्रिजमधून दूध काढताना मी तो बघतो आहे. अशी टेबलं बोटीवर सहाच असतात आणि जो आधी चढेल, त्याने जाऊन नाव लिहायचं. ग्लेनिस सहसा काही मागत नाही. या वेळी मात्र तिने माझा हात धरून सांगितलं, "तेवढं एक टेबल मिळव, क्लिफ."

मी म्हटलं, "माझ्यावर सोड." आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

हॉटेलातले तीन दिवस मात्र माझेच होते, हे कबूल केलं पाहिजे. तिथे नाश्त्याला ते पाव भाजायचं फिरतं यंत्र होतं. एका बाजूने पाव टाकायचा, तो रमतगमत आत जातो आणि दुसऱ्या बाजूने पडतो. पहिल्या सकाळी पाहतो तर सगळा सावळागोंधळ! हा पाव टाकतोय, तो उचलतोय, आणि ज्याचा गेला तो बिचारा आपल्याच पावासाठी कुणाची तरी माफी मागतोय. आम्हा इंग्रजांची हीच तर पंचाईत. कुणी पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं. शेवटी मी उठलो, दोन खुर्च्या आडव्या लावल्या आणि रांग लावून दिली. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून माझ्याकडे बघून उभे राहू लागले. नॉर्विचच्या प्रॉडगरबाई तर म्हणाल्या की तुमच्यामुळे सुट्टी सुट्टीसारखी वाटली. ग्लेनिस नाश्ता खोलीतच मागवायची, त्यामुळे तिची कुणाशी ओळख झाली नाही. त्या आणि हॉटेलातली आणखी बरीच मंडळी आमच्याच बोटीने जाणार होती. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथ्या दिवशी बारा वाजता आम्ही सामानसुमान घेऊन माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटाच्या धक्क्यावर उतरलो. बोट पाचला सुटणार होती, दार साडेचारला बंद. म्हणजे हातात साडेचार तास! सहातलं एक टेबल नाही, सहाच्या सहा मिळतील, असं मी ग्लेनिसला टॅक्सीतच सांगितलं होतं.

बोट समोर उभी होती. उजव्या हाताला लांब एक काचेचं दार होतं, पण तिथे चिटपाखरू नव्हतं. डावीकडे जुन्या गोदामाचं एक निळं दार होतं, बंद, वर कापडी छप्पर. त्या छपराच्या सावलीत पांढरी टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस शांतपणे उभा होता. शेजारी चाकांची पेटी. धक्क्याच्या कठड्याला एक लांब काठी बांधलेली होती, ती मला झेंड्याची वाटली. टोपी, पेटी, काठी आणि बंद दार! अनुभवी माणसाला आणखी काय लागतं? आधी आलेला प्रवासी उभा आहे आणि दार उघडायचं आहे. मी त्याच्या मागे दोन हात अंतर सोडून उभा राहिलो.

ग्लेनिस म्हणाली, विचारून तरी घे. आता तुम्हीच सांगा, पुढे उभ्या असलेल्या माणसाला "ही रांग कशाची" असं विचारायचं? आमच्याकडे ते परक्या बाईला वजन विचारण्यासारखं आहे. मी तिला खुणेनेच गप्प केलं. ती फुरंगटून बाजूला बॅगांवर जाऊन बसली.

पाच मिनिटांत प्रॉडगरबाई आल्या. मला बघून त्यांचा चेहराच उजळला. टोस्टवाले गृहस्थ उभे आहेत म्हणजे हीच रांग, असं त्यांनी मागच्यांना सांगितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. एक वाजेपर्यंत रांग गोदामाला वळसा घालून पलीकडे गेली. मी जाऊन मोजून आलो, एकशे सत्तर डोकी! थर्मास उघडले, हवेबद्दल बोलणं झालं, हवेबद्दलचं बोलणं संपलं. एका फेरीवाल्याने ही गर्दी पाहून आपली गाडी आणून उभी केली. त्याच्याकडच्या मटार भरलेल्या गरम पुऱ्यांचा वास रांगभर फिरला, पण जागा कोण सोडणार? शेवटी त्या बिचाऱ्यालाच टोपली घेऊन शेवटपर्यंत चालावं लागलं. मधूनच जर्मन लोकांचा एक घोळका आला, कुणाला तरी काहीतरी विचारून उजवीकडे गेला आणि दिसेनासा झाला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघून खेदाने मान हलवली. शिस्त म्हणून काही राहिलीच नाही.

सव्वादोन वाजता ग्लेनिस पाय मोकळे करून येते म्हणाली. दहा मिनिटांनी परत आली आणि माझ्या कानाला लागली. तिने तिथल्या झाडूवाल्याला विचारलं होतं. बोटीचं दार म्हणजे ते काचेचंच. आत कुणी नाही, चार मिनिटांत माणूस वर जातो.

खरं सांगतो मंडळी, मला पटलं होतं. आतून पटलं होतं. पण सव्वादोन तास उभं राहिल्यावर, तेही दुसऱ्या नंबरावर, माणूस जागा कशी सोडणार? मागे एकशे सत्तर लोक माझ्या भरवशावर घाम पुसत होते. मी तिला म्हटलं, जिथे कुणीच उभं नाही, तिथे काही मिळत असेल का? झाडूवाल्याला काय कळतंय!

 ती म्हणाली, "तू उभा राहा, क्लिफ. मी जाते." आणि पर्स उचलून ती चालू लागली. पर्समध्ये आमचे दोन्ही पासपोर्ट होते, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

तीन वाजता प्रॉडगरबाईंनी वर बोट दाखवलं. पाहतो तर बोटीच्या सातव्या मजल्यावर कठड्याला टेकून ग्लेनिस उभी! हातात उंच पेला, पेल्यात छोटी कागदी छत्री. ती मला हात करत होती, काचेच्या दाराकडे दाखवत होती आणि "क्लिफ! क्लिफ!" अशा हाका मारत होती.

प्रॉडगरबाई म्हणाल्या, "ही बाई मघाशी आपल्या रांगेत होती ना? मध्येच घुसली वाटतं."

सगळी रांग "च्‌ च्‌" करू लागली. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. तो आवाज पुढून मागे गेला, गोदामाला वळसा घालून परत आला.

"ओळखता का तुम्ही तिला?" बाईंनी विचारलं.

चाळीस वर्षं एका छपराखाली काढलेली बाई. माझं अ‍ॅपेंडिक्स काढलं तेव्हा तीन दिवस खुर्चीत बसून राहिलेली. आणि मी त्या एकशे सत्तर माणसांसमोर काय म्हणावं?

"छे. आयुष्यात कधी पाहिली नाही."

वर आणखी जोडलं की असल्या बाईच्या नवऱ्याची कीव येते. लोकांनी माना डोलावल्या. हाका काही थांबेनात, म्हणून मी पाठ फिरवून समुद्र बघत राहिलो. मग त्या आपोआप थांबल्या.

पावणेचार वाजता पुढच्या टोपीवाल्याने कठड्याची ती काठी सोडली. काठीला दोरा होता. दोऱ्याला गळ होता. गळाला मासा होता! त्याने तो पेटीत टाकला, पेटीला कडी घातली, मागे वळला आणि आम्हाला सगळ्यांना बघून त्याने टोपी काढली.

त्याचं नाव चेन्सू. मला विचारावंच लागलं, दार कधी उघडणार म्हणून. तो म्हणाला, "हे दार? माझ्या लहानपणापासून बंद आहे."

"मग तुम्ही इथे काय करता?"

"इथे सावली असते." त्याने एकदा रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली. "मला वाटलं, तुम्हाला मासेमारी बघायला आवडते. गेल्या वर्षीही तुमच्यातले पुष्कळ उभे होते. फार शांत लोक तुम्ही."

पुढचं काय सांगू! रांग जागच्या जागी उलटी फिरली. जे सगळ्यात मागे होते, ते काचेच्या दाराच्या सगळ्यात जवळ निघाले. आपापल्या नंबराप्रमाणे चला, अशी मी विनवणी करत होतो, पण ऐकतो कोण! साठीसत्तरीची माणसं बॅगा ओढत धावत होती. दाराशी पोचल्यावर मात्र सगळे झटकन एकामागे एक उभे राहिले. एवढ्या फजितीतही मला अभिमान वाटला. फक्त मी एकशे सत्तर जणांच्या मागे होतो. प्रॉडगरबाई माझ्या पुढे होत्या आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

साडेचारला सहा मिनिटं कमी असताना माझा नंबर लागला. निळ्या कोटातल्या मुलीने पासपोर्ट मागितला आणि माझी पाचावर धारण बसली. बायकोकडे आहे म्हटल्यावर तिने वर फोन लावला.

"मॅडम, खाली एक गृहस्थ आहेत. तुमचे पती आहेत म्हणतात." मग ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम म्हणतात, त्या अशा कुणाला ओळखत नाहीत. त्यांचा नवरा असता तर हाक मारल्यावर वर बघितलं असतं."

मला कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. म्हटलं, पोरी, त्यांना सांग माझं चुकलं. तिने सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"त्या विचारताहेत, नक्की काय चुकलं?"

दार बंद व्हायला चार मिनिटं उरली होती. मागे कसला तरी आवाज झाला म्हणून पाहिलं, तर चेन्सू पेटी घेऊन दोन हात अंतर सोडून माझ्या मागे उभा होता. बहुधा त्यालाही पुढे काय होतंय ते बघायचं होतं.

"विचारायला हवं होतं," मी म्हणालो.  "आणि ती माझी बायको आहे, हे सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं."

मुलीने ते शब्द तसेच्या तसे फोनमध्ये म्हटले आणि फोन ठेवला. काय उत्तर आलं ते काही सांगितलं नाही. साडेचारला एक मिनिट कमी असताना ग्लेनिस जिना उतरून आली. पासपोर्ट काउंटरवर ठेवला, चेन्सूला मान लववून नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता वर चालू लागली. मी मागोमाग.

टेबल मिळालं होतं. सहातलं सगळ्यात कोपऱ्यातलं, फोटोतलंच. तिने अडीच वाजताच नाव लिहून ठेवलं होतं, पण फक्त स्वतःचं. माझी खुर्ची वाढपी जेवणघराच्या दुसऱ्या टोकावरून उचलून घेऊन आला. बोट हलली आणि काचेबाहेर पिवळं बंदर हळूहळू मागे जायला लागलं. ग्लेनिस ते डोळे भरून बघत होती. अकरा वर्षांची वाट होती ती. मी गुपचूप सूप पीत होतो.

बंदर हातभर उरलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी तुझ्या मागे उभी आहे, क्लिफ. पुढे काय आहे, हे कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुला माहीत असेल."

मी चमचा खाली ठेवला. "मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. चाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोललो.

तिने एकदाचं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि तिच्या ताटातला भाजलेला पाव उचलून माझ्या ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सिसिलीला लागली. ग्लेनिस टोपी घालून पुढे निघाली, मी मागे. धक्क्यावर उतरल्याबरोबर मी रीतसर विचारलं, आपण कुठे चाललो आहोत? ती म्हणाली, अजून ठरवलेलं नाही. मी बरं म्हटलं आणि चालत राहिलो. जरा वेळाने पाठीमागे बारीक खोकला ऐकू आला म्हणून वळून पाहिलं. माझ्यापासून दोन हात अंतर सोडून प्रॉडगरबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे टोस्टच्या रांगेतली अकरा माणसं.