हिरव्या डोक्याची टाचणी

दाढ काढायची की नाही, यावर मास्तरांनी घरात इतका काथ्याकूट केला की शेवटी बायको म्हणाली, "अहो, एक तर ती दाढ काढा, नाहीतर मला माहेरी धाडा." मास्तर म्हणजे शिंपी. सगळं आयुष्य सुयांत गेलेलं. पण सुईचं टोक स्वतःच्या अंगाकडे वळलं की त्यांना घाम फुटायचा. याचं बायकोला हसू यायचं आणि त्या हसण्याचा मास्तरांना राग यायचा.

या वेळी मात्र पळवाट नव्हती. दातांच्या डॉक्टरांचा कोट मास्तरांकडेच शिवायला होता. संध्याकाळी डॉक्टरांचं भाषण होतं, विषय 'दातांच्या दवाखान्याला घाबरू नका'. डॉक्टरांनी सरळ अट घातली: आधी दाढ, मग कोटाची ट्रायल.

"मास्तर, तोंड उघडा. मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स."

ती मुंगी मास्तरांच्या मते निदान उंदराएवढी होती. नंतर गाल, ओठ, जीभ सगळंच बधिर झालं. दाढ निघाली, डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि वर कापसाचा बोळा दाबून दिला. "थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, बोलायचं नाही. गार आईस्क्रीम खा. आणि टाके काढायला पुढच्या आठवड्यात या." या सगळ्यात मास्तरांना आईस्क्रीम तेवढं पटलं.

घटकाभरात डॉक्टर दुकानात हजर. कोट मागून सैल होता. मास्तरांनी सवयीप्रमाणे रंगीत डोक्याच्या टाचण्या ओठांत धरल्या, एकेक काढून पाठीला, कडेला टोचल्या, टीप मारली, इस्त्री फिरवली. डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते. कोट अंगात घालून ते निघूनही गेले.

मास्तर टाचण्या मशीनवरच्या इवल्याशा गादीत परत खोचायला बसले. लाल आली, निळी आली, पिवळी आली, पांढरी आली. हिरवी काही येईना.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मशीनखाली पाहिलं. मग आरशात पाहिलं. ओठ चाचपले, तर ते दुसऱ्याच कुणाचे असावेत असे लागले. टाचणी ओठांतून आत सरकली असती तरी कळलं नसतं. पोटात काहीतरी टोचतंय असंही मास्तरांना वाटू लागलं.

बोलायला बंदी. त्यांनी खडू उचलला आणि टेबलावरच्या काळ्या कापडावर लिहिलं, 'हिरवी टाचणी गिळली.'

आईस्क्रीमची वाटी घेऊन आलेल्या बायकोने वाचलं. "अगंबाई! हे वकिलांच्या पँटचं कापड ना?" मग अर्थ डोक्यात शिरला आणि ती मटकन स्टुलावर बसली. "अहो, कोटात राहिली असेल!"

मास्तरांनी जोरात मान हलवली. हात फिरवून चाचपल्याशिवाय ते कुणाला कपडा देत नसत. आजवर एकाही गिऱ्हाईकाला त्यांची टाचणी टोचली नव्हती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते हे ऐकवायचे. आज घाईत चाचपलं होतं की नाही, हे आठवायची त्यांची तयारी नव्हती. टाचणी कोटात राहिली म्हणण्यापेक्षा पोटात गेली म्हणणं त्यांना परवडत होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे घड्याळवाले काका लोहचुंबक घेऊन धावले. "शर्ट वर करा. कुठवर गेलीय ते आत्ता कळतं." चुंबक छातीवरून पोटावर आलं आणि खट्कन चिकटलं. बायको किंचाळली.

"घाबरू नका वहिनी," काका नीट बघून म्हणाले, "पट्ट्याचं बक्कल आहे."

"डॉक्टर फोन उचलत नाहीयेत हो! भाषणात असणार."

"मग थेट मोठा दवाखाना गाठा. आणि पोटात काही ढकलू नका. टाचणी खाली सरकेल." एवढं बोलून काकांनी वाटीकडे पाहिलं. आईस्क्रीम वितळायला लागलं होतं. वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते संपवलं. मास्तरांना त्या क्षणी टाचणीपेक्षा काकांचा जास्त राग आला.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर मात्र मास्तर खरोखर घाबरले. खिशात खडू होता. त्यांनी स्वतःच्या पँटवर, मांडीवर लिहिलं, 'कपाटाची किल्ली जुन्या मशीनच्या खणात.'

बायकोने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "भलतंसलतं लिहू नका हो. मी हसले म्हणून तुम्ही दाढ काढलीत. पुन्हा नाही हसणार." तिने पदराने ती अक्षरं पुसून टाकली. मास्तरांनी तिचा हात धरून ठेवला.

"चला, पुढचं कोण?" एक्स-रेवाल्याने आतून हाक मारली. " शर्ट काढून आत या."

मास्तर बटणं काढत होते तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. पलीकडे डॉक्टर इतके ओरडत होते की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"मास्तर कुठायत? सत्कार झाला, खुर्चीत बसलो आणि किंचाळत उठलो! समोर माईक! 'घाबरू नका' म्हणायला गेलेला माणूस मी, लोक अजून हसतायत!"

मास्तरांनी फोन हिसकावला, न बोलण्याची सूचना विसरून बोळा हातात काढला आणि जड जिभेने विचारलं, "डोकं कुठल्या रंगाचं?"

"कुणाचं डोकं?"

"टाचणीचं!"

"हिरवं! रंग काय विचारता?"

मास्तर अर्ध्या शर्टात तसेच बाकावर बसले. आपली टाचणी गिऱ्हाईकाला टोचल्याचा एवढा आनंद त्यांना होईल असं कधी वाटलं नव्हतं. बायको रडता रडता हसत होती आणि आज त्यांना त्या हसण्याचा अजिबात राग आला नाही. सकाळपासूनची सगळी भीती उतरली आणि मास्तरांना जोर चढला.

"डॉक्टर, त्यात काय एवढं? मुंगी चावल्यासारखं वाटलं असेल, बस्स."

 पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. इंजेक्शन देण्याआधी असतो तसा, अगदी मऊ.

"मास्तर, पुढच्या आठवड्यात टाके काढायला येताय ना?"

मास्तरांचा हात आपोआप गालावर गेला. गालाचा बधिरपणा नेमका तेव्हाच उतरायला लागला होता.