पॉलिनची शर्यत आणि सॅन्टनची घंटा

"उद्या तुझी वेळ सुधारली नाही, तर हे बूट मी वाडीत पुरणार," शनिवारी जेवताना सॅन्टनने बायकोला जाहीर केलं.

"पूर की! पण सुधारली तर पुन्हा तोंड उघडायचं नाही," पॉलिन म्हणाली.

शाळेत गणित शिकवणाऱ्या पॉलिनला ऐन पन्नाशीत धावायचं वेड लागलं होतं. डिसेंबरातल्या मोठ्या शर्यतीचा सराव म्हणून वसई-विरारमधली प्रत्येक बारकीसारकी शर्यत ती धावायची आणि दर वेळी आधीपेक्षा उशिरा पोचायची. दोष पायांचा नव्हता, तोंडाचा होता. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की विचारपूस केल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. पण बूट गेले असते तर तिला फार लागलं असतं. धावताना तेवढा वेळ ती कुणाची टीचर, आई किंवा सून नसायची. म्हणून तिने ठरवलं, उद्या साक्षात बिशप आडवे आले तरी थांबायचं नाही.

रविवारी बाकीचे धावणारे कधीच पुढे निघून गेल्यावर पॉलिन एकटी आपल्या गावात, उमेळ्यात शिरली. चेहरा लालबुंद, नजर समोर. चर्चमधली पहिली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटोपून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ॲनी मावशीने तिला पाहिलं. गावातली पन्नाशीची बाई हॉस्पिटलच्या रस्त्याने धावत सुटते ती काय हौसेने? त्यात पहिली मिस्सा कधी न चुकवणारा सॅन्टन आज दिसला नव्हता. आज त्याला उठवायला घरात कुणी नव्हतं, हे मावशीला कुठून ठाऊक असणार?

"काय झालं गो? सॅन्टन बरा हाय ना?"

बोललं तर दम जाणार. पॉलिनने धावता धावताच 'नंतर बोलू' असा हात हलवला. मावशीला तो 'सगळं संपलं' असा दिसला.

"गेला गो माझा सॅन्टन!" मावशीने टाहो फोडला. कुणीतरी चर्चची मयताची घंटा वाजवायला धावलं. शेजारच्या रिचर्डने फादरना अखेरच्या संस्काराच्या पवित्र तेलाच्या कुपीसकट स्कूटरवर बसवलं आणि थेट सॅन्टनचं घर गाठलं.

सॅन्टन नुकताच उठून ओट्यावर पाव-ऑम्लेट खात बसला होता.

"कोण गेलं रे? घंटा वाजतेय," त्याने विचारलं.

रिचर्डने स्कूटरवरूनच सांगितलं, "तू."

फादरनी कुपी हळूच झग्याच्या खिशात टाकली आणि, "मिस्सेला का नाही आलास?" एवढंच विचारलं.

घंटा ऐकून बायको कुठेतरी रडत असेल या काळजीने सॅन्टन तसाच, अर्ध्या चड्डीत, फादरच्या मागे स्कूटरवर चढला. तिघे निघाले.

शर्यत संपायला थोडंच अंतर उरलं होतं. पॉलिनच्या पायांत गोळे आले होते. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "पॉलिन! थांब! थांब म्हणतो ना!"

तिने मान वळवली. सॅन्टन! मला हरवायला हा चक्क फादरना घेऊन आला? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात-ओठ खात ती जी सुटली, ती शेवटची रेघ ओलांडूनच थांबली.

"अगं, मी जिवंत आहे!" तिघांच्या भाराने रखडणाऱ्या स्कूटरवरून उतरून धावलेला सॅन्टन धापा टाकत पोचला. "गावाने माझी घंटा वाजवली!"

"थांब जरा." पॉलिनने आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"घंटा ऐकून पण थांबली नाहीस?"

"तू गेला असतास तर थांबून काय उपयोग होता?"

सॅन्टनने तोंड उघडलं, कालची अट आठवली आणि मिटलं. फादर दुसरीकडे बघत हसू दाबत होते.

"पुढच्या रविवारी राजोडीला शर्यत आहे," बुटांच्या नाड्या सैल करत पॉलिन म्हणाली. "स्कूटर घेऊन ये. मागून असाच ओरड."