गाय-म्हैस ओळख

सत्कार पाच वाजता होता आणि कृष्णातनं दुपारी दोनलाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सांगलीतल्या त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध डेअऱ्यांत चालायचं. मालकीण परवीन मॅडमनी बजावलं होतं, "वर्षाचा अहवाल जायचाय. निघालेल्या सगळ्या आवृत्त्यांवरचे 'नवीन सोय', 'दुरुस्ती' हे टॅग तपासा. आपलीच चूक निस्तरली असेल, तर तिथं 'दुरुस्ती'च दिसली पाहिजे!"

कृष्णातला घाम फुटला. मार्चमध्ये त्याच्याच घोळानं गाईच्या दुधाच्या पावतीवर म्हैस छापून यायला लागली होती. एप्रिलमध्ये त्यानं ते निस्तरलं आणि गुपचूप टॅग लावला, 'नवीन सोय: गाय-म्हैस अचूक ओळख'. शिराळ्याजवळच्या सासुरवाडीच्या डेअरीनं सत्कार ठेवला होता तो ह्याच सोयीबद्दल! लाजेनं अर्धमेला होऊन त्यानं टॅग बदलला आणि मोटारसायकलला किक मारली. टॅग बदलला की प्रत्येक डेअरीला संध्याकाळी आपोआप मेसेज जातो, हे गडी साफ विसरला.

फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. डेअरीचे चेअरमन म्हणजे खुद्द सासरे, लालासाहेब. माइकवर ते रंगात आले होते. "ही सोय जावयबापूंना म्याच सुचवली!"

टाळ्या पडल्या. कृष्णातची मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला.

तेवढ्यात सचिव नानासोंचा मोबाइल वाजला. "आवं, कंपनीचाच मेसेज हाय की! वाचतोच." त्यांनी माइक ओढला. "गाय-म्हैस ओळख. नवीन सोय हा टॅग रद्द. आता, आमच्याच चुकीची दुरुस्ती."

फेट्याखाली कृष्णातचे कान तापले.

पुढं बसलेल्या रंगूबाई उठल्या. "म्हंजे माज्या गाईची म्हस ह्येनंच केलती व्हय?"

"आनि ती चूक चेअरमननी सुचवली व्हती?" नानासोंनी भाबडेपणानं माइकवरच विचारलं.

हसून हसून माणसं आडवी झाली. लालासाहेबांचा चेहरा पार उतरला. कृष्णातला ते बघवेना. लाज गिळून तो उठला.

"न्हाई, चूक माजी एकट्याची हाय. लपवलीबी मीच. मामांचा काय संबंध न्हाई."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. लालासाहेबांनी झटक्यात माइक हिसकावला.

"ऐकलं न्हवं? चूक कबूल कर म्हनून म्याच सांगितलं व्हतं!"

आता लाज स्वतःची वाटून घ्यावी की सासऱ्यांची, हे कृष्णातला कळेना.