खिडकीत अडकलेले बाबा

"दोन तास इकडे फिरकायचं नाही," विशेष मुलांच्या केंद्रातल्या ताईंनी आईबाबांना दारातच बजावलं. "मुलांना खेळ आणि तुम्हाला सुट्टी."

लेक नऊ वर्षांची. बोलत नसे, मोठ्या आवाजांना फार घाबरे. ती जन्मल्यापासून दोघं मिळून कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नव्हते. समोरच्या हॉटेलात चहा आला आणि निवूनही गेला.

"रडत असेल हो ती," बाबा म्हणाले.

"ती नाही, तुम्हीच रडाल आता. बसा गप."

हात धुऊन येतो म्हणून बाबा उठले, ते थेट केंद्राच्या मागच्या खिडकीशी.

बाबांचा धंदा खिडक्यांचे ग्रिल बनवायचा. इथला एक गज वाकलेला पाहून त्यांनी नाक मुरडलं आणि त्याच फटीतून डोकं आत घातलं. लेक चटईवर चित्र रंगवत बसली होती. रडणं दूरच, तिने मानसुद्धा वर केली नाही. बाबांचा जीव भांड्यात पडला. ते डोकं मागे घ्यायला गेले, तर कान आडवे आले.

बघता बघता सगळी मुलं खिडकीखाली जमली.

"काका, तुम्ही आत येताय की बाहेर जाताय?" चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने विचारलं.

"अजून ठरलं नाही," बाबा म्हणाले.

तेल लावून झालं, साबण लावून झाला. आई धावत आली. "हात असे धुतात होय?" म्हणत तिने मागून कंबर धरून ओढून पाहिलं. शेवटी बाबांचा भागीदार कटर घेऊन आला.

"गिऱ्हाइकांना सांगतोस ना, आपल्या ग्रिलमधून मांजरसुद्धा जाणार नाही म्हणून?"

"हे ग्रिल आपलं नाही!" बाबा ओरडले.

पण कटर म्हटल्यावर त्यांचा आवाज उतरला. "ताई, मुलांना लांब न्या. या आवाजाने माझी पोर दोन दोन दिवस जेवत नाही. म्हणून कारखान्यात कधी नेलं नाही मी तिला."

ताई मुलांना घेऊन पलीकडच्या खोलीकडे निघाल्या. लेक मात्र हलेना. ती स्टुलावर चढली, आवाज अडवणारी जाड कानटोपणं स्वतःच्या कानांवरून काढली आणि बाबांच्या कानांवर नीट बसवली. मग आपले कान तळव्यांनी गच्च दाबून ती ताईंच्या मागे गेली.

बाबांचे डोळे वाहू लागले. पुसायला हात आत पोचत नव्हते.

गज कापला गेला, तसे बाबा धावत आत आले. "चल बाळा, घरी जाऊ. पुरे झालं आजच्यापुरतं."

ताईंनी लेकीपुढे चित्रांची कार्डं ठेवली. ती कार्डांनीच बोलायची. तिने शोधून घराचं चित्र उचललं.

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" बाबा पडल्या आवाजात म्हणाले.

लेकीने ते कार्ड बाबांच्या हातात दिलं, त्यांच्या पाठीला दोन्ही हात लावून त्यांना दारापर्यंत ढकलत नेलं आणि आतून कडी घातली.